फोन न करण्याचा सराव

प्रिय चिमणे,

या आठवड्यात माझा फोन आला नाही, म्हणून काल तू घाबरून आईला विचारलंस, बाबांना काय झालं? काही झालेलं नाही. पाठदुखी सोडली तर मी ठणठणीत आहे. फोन करत नाही, कारण मी फोन न करण्याचा सराव करतोय. हसू नकोस.

आईने मला एका बाईंकडे नेलं. त्या सवयी सोडवायला मदत करतात, वर्तनोपचार म्हणतात त्याला. दवाखाना सहाव्या मजल्यावर. मी जन्मभर लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. आधी त्यांच्या लिफ्टचा दरवाजा तपासला, ब्रेकचा आवाज ऐकला आणि मग जिन्यानेच गेलो. तुझ्या आईने तिथे सगळं सांगून टाकलं, मी दिवसभर तुला फोनवर काय काय विचारतो ते: ऑफिसला पोहोचलीस का, घरी आलीस का, दार लावलंस का. वर म्हणाली, पोरगी तिकडे जगतेय की यांना हजेरी देतेय, तेच कळत नाही. मला रागच आला. काळजी करतो म्हणजे काय गुन्हा करतो?

बाई शांतपणे म्हणाल्या, तुम्ही फोन करता, ती उचलते, तुम्हाला हायसं वाटतं. ते हायसं वाटणं म्हणजे बक्षीस. बक्षीस मिळालं की मन पुढच्या वेळी आणखी लवकर फोनकडे धावतं. उपाय असा, की धाकधूक झाली तरी फोनला हात लावायचा नाही, आईलाही विचारायचं नाही. धाकधूक चढते तशी आपली आपण उतरते. ती उतरेपर्यंत बसून राहायचं आणि मग स्वतःचे थोडे लाड करायचे. लाडांचं खातं आईकडे आहे: एक क्रीमचं बिस्किट. शेजाऱ्यांचा कुत्रा याहून लवकर शिकला असता म्हणते, पण देते.

परवा संध्याकाळी बातम्यांत तुमच्या शहरातला बसचा अपघात दाखवला. चिमणे, हात फोनकडे गेलाच. फोन आईच्या हातात दिला आणि खुर्चीत बसलो. मला धीर द्यायची तिला बंदी. ती बिचारी शेजारी बसून कपड्यांच्या घड्या घालत होती, एकाच टॉवेलची तीन-तीनदा. मनात नाही नाही ते येऊन गेलं. घामाघूम झालो. बऱ्याच वेळाने छाती मोकळी झाली, तुझा आवाज न ऐकता. बिस्किट काही गोड लागलं नाही, पण खाल्लं.

आता मुद्द्याचं. काल आईशी आणखी काय बोललीस तेही तिने मला सांगितलं. समुद्राचा तळ मोजणाऱ्या जहाजावरची नोकरी तू नाकारलीस, कारण तिथे महिना महिना फोन लागत नाही आणि बाबांना ते झेपणार नाही. ती नोकरी मिळावी म्हणून तू किती राबलीस ते मी पाहिलंय. त्यांना पुन्हा विचार. जागा भरली असेल तर दुसरं जहाज बघ. मला भीती वाटेल, पुष्कळ वाटेल, पण ती माझी आहे, मी बघून घेईन. तू जा. आणि पोहोचलीस की कळवू नकोस.

तुझाच,
बाबा