गुलाबी गहू

आई, पेरणी झाल्यावर उरलेली ज्वारी तू रोवळीत घालून खळखळून धुवायचीस. बियाण्याला चोळलेली राख निघाली की दाणा पुन्हा खाण्याचा. मी एकदा तसली मूठभर ज्वारी उकिरड्यावर टाकली, तर तू मला एकेक दाणा वेचायला बसवलंस. म्हणालीस, "हात धुवायला पाणी आहे ना घरात? मग दाणा धुवायला नाही होय?"

आता मी ग्लासगोपासून तासाभरावर राहते. ह्यांना जाऊन चार वर्षं झाली, तेव्हापासून शेजारच्या फार्मवर जनावरांचं बघते. मांसासाठी पोसलेली आहेत, तुला नसतं आवडलं, पण भूक त्यांनाही लागते. सोमवारी कोठारात बियाण्याच्या गव्हाचं अर्धं पोतं दिसलं, दाणे गुलाबी. म्हटलं, एवढं धान्य वाया कशाला? चार पाण्यांनी धुतलं, रंग पार गेला, आणि आठ बैलांपुढे ओतलं.

संध्याकाळी मालकाला रिकामं पोतं दिसलं. बैलांनी खाल्लं म्हटल्यावर तो म्हणाला, त्या गव्हाला औषध लावलेलं होतं. गुरुवारी ते आठही कत्तलखान्यात जायचे होते. हे कसं झालं, त्याने विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं, कोठाराचं दार उघडं होतं, बैल शिरले असतील. त्याने व्हेटला, गुरांच्या डॉक्टरला, फोन लावला, मी पोत्यावरचं लेबल वाचून दाखवलं: बुरशीनाशक लावलेलं बियाणं, माणसांना किंवा जनावरांना खायला घालू नये. रोज त्याच पोत्याशेजारून जायचे मी, लेबल कधी वाचलं नव्हतं. व्हेट म्हणाला, बैलांवर नजर ठेवा, आणि मी विचारून कळवेपर्यंत एकही हलवू नका. औषध मांसात किती उतरतं, किती दिवस राहतं, हे फोनवर नाही सांगता येत. मग म्हणाला, "तो गुलाबी रंग मुद्दाम देतात, कुणी चुकून खाऊ घालू नये म्हणून." मी तोच धुऊन मोरीत सोडला होता, आई.

तेव्हापासून आम्ही दोघं तासातासाला गोठ्यात डोकावतो. कुणी लाळ गाळतंय का, शेण पातळ झालंय का. गुरुवार उलटला, लॉरी आली नाही. बैल रवंथ करतायत, व्हेटचा निरोप नाही. मालक सारखा म्हणतो, "कडी लावायला मीच विसरलो. वय झालं." आज त्याने दाराला नवी कडी बसवली. मी शेजारी उभी राहून त्याला एकेक स्क्रू देत होते. घट्ट बसली ना, त्याने विचारलं. बसली, म्हटलं.

खरं सांगायला दोनदा तोंड उघडलं, आणि दोन्ही वेळा चहा घेणार का, एवढंच विचारलं. तुला लिहिणं सोपं गेलं. तू काही माझ्याकडे बघत नाहीयेस.