यमाता आणि थोरलीचे ब्रेक

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आज पाण्याच्या टाकीच्या उतारावर थोरलीने थांबायला अख्खा चरण घेतला!

थोरली म्हणजे गाडी. नातीच्या चार वर्षं आधी घरात आली, म्हणून थोरलेपणाचा मान तिचा. आणि चरण भुजंगप्रयाताचा. शाळेत गुरुजींनी घोकून घेतला होता – यमाता यमाता यमाता यमाता. तेव्हापासून मी याच वृत्तात जिने चढतो, दूध तापवतो, ब्रेक मोजतो. विजेच्या खांबाशी यमाता सुरू करायचं, तिथेच ब्रेक. थोरली दोन यमातांत उभी राहायची. आज चार लागले. शिवाय पुढच्या चाकांतून किरकिर – म्हणजे वृत्तभंगही.

नातीचं अठरावं संपलं. शिकाऊ परवाना आलाय. शिकेन तर थोरलीवरच, म्हणते. ब्रेक करायलाच हवेत.

आमची ही शेजारी बसायची तेव्हा माझ्या आधी ब्रेक दाबायची – नुसत्या चटईवर! टाचेखालची चटई झिजून पार जाळी झालीय. ती गेल्यावरही मी चटई बदलू दिलेली नाही.

बुधवार, ५ फेब्रुवारी

गॅरेजवाल्याला यमाताचा हिशेब सांगितला. तो म्हणाला, "काका, ब्रेक लागत नाही म्हणणारे रोज येतात. कवितेत लागत नाही म्हणणारे तुम्ही पहिलेच." कामावरची पोरं हसली. मग त्याने चाक उतरवलं. पॅड नखाएवढे पातळ, डिस्कवर चरे. हसणं थांबलं! या वयात कान असे तयार आहेत आपले.

पुढच्या डिस्क, पॅड, मागचे लायनर, ब्रेक ऑइल, मजुरी – साडेबावीस हजार. क्षणभर माझेच ब्रेक लागले.

संध्याकाळी चिरंजीवांनी आकडा ऐकला. विकली तर गाडीचे चाळीससुद्धा येणार नाहीत म्हणाले. "चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, बाबा." म्हटलं, कोंबडी माझी, मसाला माझ्या पेन्शनचा, तुम्ही फक्त वास घ्या. सूनबाई कपात तोंड घालून हसल्या. चिरंजीव हसले नाहीत. "प्रश्न पैशाचा नाहीये, बाबा," एवढं बोलून उठून गेले. मग कशाचा, ते सांगायला काय झालं होतं?

गुरुवार, ६ फेब्रुवारी

पैसे दिले. रोख, एकरकमी. घासाघीस नाही. परत येताना चाल जरा ऐटीचीच होती.

शनिवार, ८ फेब्रुवारी

थोरली गॅरेजात. दारात तिच्या तेलाचा डाग तेवढा. लेक माहेरपणाला जाऊन राहावी तसं वाटतंय – उलटंच म्हणायचं, माहेर तर इथेच!

सोमवार, १० फेब्रुवारी

आज काय झालं ते नीट लिहायला हवं.

सकाळी थोरली आली. किरकिर गेलेली, ब्रेक लोण्यासारखा. एकटाच टाकीच्या उतारावर गेलो. खांब आला. यमाता यमाता यमाता यमाता.

चार! पुन्हा वर जाऊन आलो. पुन्हा चार.

डोकं फिरलं. तसाच गॅरेजात गेलो. तीन गिऱ्हाइकांसमोर आवाज चढवला. जुनेच पॅड पुसून बसवलेत, म्हातारा बघून टोपी घातलीत, असं नाही नाही ते बोललो. गॅरेजवाल्याने हात पुसले, स्वतः स्टिअरिंगवर बसला, मला शेजारी बसवलं. उतारावर म्हणाला, "म्हणा तुमचं."

खांबाशी सुरू केलं. दुसऱ्या यमाताच्या 'ता'वर मी पट्ट्यात अडकून पुढे झुकलो. दोन! परत एकदा – दोनच.

त्याने इंजिन बंद केलं. समोर बघतच बोलला, "काका, तुमचं यमाता खांबाशी सुरू होतं. पाय मात्र तिसऱ्याला ब्रेकवर पडतो."

गॅरेजात परत गेल्यावर गिऱ्हाइकांना त्याने एवढंच सांगितलं, की गाडी एकदम ठीक आहे, काकांना खात्री करून घ्यायची होती. मी सगळ्यांसमोर माफी मागितली. ती मागताना मात्र आवाज चढला नाही. गाडी त्याने घरापर्यंत आणून दिली.

चिरंजीवांचा प्रश्न कशाचा होता, ते वाटेत कळलं.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

गाडी काढली नाही. चिरंजीवांनी विचारलंही नाही. कालचं कोणी सांगितलं असेल का? जेवताना माझ्या ताटात त्यांनी न विचारता वाढलं.

रविवार, १६ फेब्रुवारी

चावी नातीला दिली. मी शेजारी बसलो. खांबाशी यमाता म्हटलं आणि पोरीने दोन पुरे व्हायच्या आत थोरली उभी केली! पाठ थोपटायला हात उचलला, तेव्हा लक्ष गेलं – माझा पाय चटईवर गच्च दाबलेला, बरोबर हिने झिजवलेल्या जागी.