पावण्याला लिफ्टबंदी

कोल्हापूर,
६ जानेवारी २००२

ती. आक्कास,
ज्ञानूचा सविनय जयभीम, वि. वि.

इकडे सर्व क्षेम. तुझ्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली, २४ जानेवारी. दोन दिवस आधी ये. मोतीबिंदू पिकलाय, आता टाळाटाळ पुरे. शालू म्हणते, वन्संना महिनाभर परत जाऊ द्यायचं नाही.

एक अडचण आधीच सांगतो. हेडमास्तर म्हणून रिटायर झालो तर इथल्या लोकांनी मला अपार्टमेंटचा सेक्रेटरी केलं. घरं सोळा, पण दंगा शाळेपेक्षा जास्त. पावसाळ्यात कुणाच्या तरी कुत्र्यानं जिन्यात घाण केली, तेव्हा नियम झाला, की कुत्रं आपापल्या घरात पाळावं, पण जिना, लिफ्ट, अंगण या सामाईक जागेत त्यानं पाऊल टाकायचं नाही. लिफ्टजवळची पाटी मीच रंगवली. चेअरमन अतुलराव म्हणाले, अक्षर छापल्यागत आहे. तेव्हा तुझा पावण्या महिनाभर शेजारच्या तानाबाईकडे राहू दे. वासराएवढं जनावर, ते लपणारही नाही.

शालूचा नमस्कार. लोभ आहेच, फक्त तारीख चुकवू नकोस.

तुझा,
ज्ञानू


गारगोटी,
१३ जानेवारी २००२

चि. ज्ञानूस,
आक्काचा जयभीम नि अ. आ.

पत्र शाळेतल्या प्रीतीबाई लिवत्यात, बोलणं माझं हाय. त्या मधेच शुद्ध करायला बघत्यात, मी करू देत न्हाय.

पावण्या तानाबाईकडं ऱ्हाणार न्हाय. आपणहून दारात आला, जेवला आणि गेलाच न्हाय, म्हणून त्याचं नाव पावण्या. आता दोन वर्सं झाली, मला बाजारातला रस्ता दिसत न्हाय. तो म्होरं चालतोय, गाडी आली की आडवा हुतोय. तो थांबला की मी थांबते. त्याला ठेवून यायचं म्हंजे डोळं घरात ठेवून डोळ्याच्या ऑपरेशनला यायचं.

तुझा नियम मला काय कळला न्हाय. कुत्रं घरात चालतंय, जिन्यात चालत न्हाय. मग ते घरात येतंय कुठनं, खिडकीतनं? पोरांस्नी असलीच गणितं घालत हुतास व्हय?

मंगळवारी २२ तारखेला पहिल्या यष्टीनं येते, पावण्याला घेऊन. स्टँडवर ये. शालूला म्हणावं, तांबड्या रश्श्यात तिखट कमी नगं, ऑपरेशन डोळ्याचं हाय, जिभेचं न्हाय.

माया ऱ्हाऊ दे, नियम ठेव बाजूला.

तुझी,
आक्का


गारगोटी,
२४ जानेवारी २००२

चि. ज्ञानूस,
अ. आ. हायत, पण ह्यावेळी जरा कमी हायत.

आज ऑपरेशनचा दिवस आणि मी माझ्या घरात बसलेय. का, ते सांगते.

कंडक्टरनं पावण्याला यष्टीत घेतलं न्हाय, म्हणून आमी दुधाच्या टेंपोतनं आलो. टेंपोवाला चांगला, त्यानं थेट तुझ्या फाटकाशी सोडलं. तू स्टँडवर, मी तुझ्या दारात. फाटकावर गुंडू म्हणून वॉचमन. त्यानं माझं लुगडं बघितलं, काखेतलं गठुळं बघितलं आणि विचारलं, मावशी, कुणाकडं कामाला आलाय. मी म्हटलं, भावाकडं आलेय. त्याला वाटलं, भाऊ पण हितंच कुणाकडं तरी कामाला असंल.

लिफ्टकडं गेले तर आडवा आला. मला पाटी दिसत नव्हती, म्हणून त्यानं मोठ्यानं वाचून दाखवली. कामवाल्या बायका व कुत्री यांस लिफ्ट वापरण्यास सक्त मनाई. तुझ्या पत्रात कुत्री हुती, ज्ञानू. बायका नव्हत्या.

पाटी कुणी लिवली म्हणून मी विचारलं. तो म्हणाला, सेक्रेटरी साहेबांनी, अक्षर बघा की.

आपल्या आईनं लोकांची भांडी घासून तुला त्या अक्षराला लावलं. पुढच्या सोप्यातनं तिला आत घेत नव्हते, परड्याच्या दारानं जायची. तू तिचा पदर धरून बरोबर असायचास. विसरला असशील असं मला वाटत न्हाय, म्हणूनच जास्त लागलं.

टेंपो परत निघाला हुता, त्यातच बसले. गुंडूवर रागवू नगंस, त्यानं लिवलेलं वाचलं. डोळं हायत तसं असू देत.

आक्का


कोल्हापूर,
४ फेब्रुवारी २००२

ती. आक्कास,
ज्ञानूचा सविनय जयभीम, वि. वि.

प्रीतीबाईंच्या शाळेत दोनदा फोन केला, तू फोनवर आली नाहीस. बरोबर केलंस.

त्या दिवशी मी आणि शालू स्टँडवर दुपारपर्यंत उभे होतो. माझ्या हातात पोतं होतं. पावण्याला पोत्यात घालून खांद्यावरून तिसऱ्या मजल्यावर न्यायचं, म्हणजे त्याचं पाऊल सामाईक जागेत पडणार नाही, अशी पळवाट मी काढली होती. शालू म्हणाली, तुमची कंबर आणि कुत्रं, दोन्ही घरी पोचणार नाहीत.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी पाटी उतरवली. मजकूर कमिटीचा होता, पण हात माझा होता. लिहिताना मी वेलांट्या बघत होतो, शब्द बघितले नाहीत. याहून मोठी सबब माझ्याकडे नाही.

काल सभा घेतली. मी उभा राहून सांगितलं, परत गेली ती माझी मोठी बहीण. मग अतुलरावांनी कुत्र्यांचा विषय काढला आणि दीड तास कुत्रीच चालली. पट्टा, घाण, पिसवा, पोरांचं खेळणं. चहा घेऊन आलेल्या धोंडुबाईंनी ट्रे खाली ठेवला. त्या इथल्या आठ घरांत कामाला आहेत. त्या शांतपणे म्हणाल्या, कुत्र्याला वर काय काम न्हाय, मला हाय. माझ्या गुडघ्याचं आधी ठरवा, न्हायतर उद्यापासनं भांडी खाली आणून द्या. तो ठराव अर्ध्या मिनिटात एकमतानं मंजूर झाला.

कुत्र्यांना मोकळीक द्यायची का, यावर घरटी एक हात वर करायला लावला. सात विरुद्ध सात, दोन घरं गावाला. मग अतुलरावांच्या मिसेसनी खाली ठेवलेला हात वर केला, घर त्यांच्या नावावर आहे. त्यांचं म्हणणं, जिन्याच्या कोपऱ्यात पान खाऊन थुंकणारं कुत्रं त्यांनी अजून पाहिलेलं नाही. अतुलराव छताकडे बघत राहिले. आता पट्टा असेल आणि घाण मालकानं उचलली तर कुत्र्यांना लिफ्ट, जिना, अंगण, सगळं खुलं.

ऑपरेशन १४ तारखेला. १२ ला मी जीप करून न्यायला येतो. रागावलीस तर रागावलेलीच ये, पण ये.

तुझा,
ज्ञानू


गारगोटी,
१० मार्च २००२

चि. ज्ञानूस,
आक्काचा जयभीम नि पोटभर अ. आ.

हे पत्र माझ्या हातानं. ओळी वर चढल्यात, चढू देत.

पावण्या हितं परत आल्यापासनं बिघडलाय. तानाबाईच्या दारासमोर जाऊन बसतो, लिफ्टगत दार सरकंल म्हणून. अतुलरावांच्या मालकिणीनं त्याला बिस्किटाची सवय लावली, आता भाकरीकडं बघत न्हाय. धोंडुबाईला नमस्कार सांग. लिफ्टमधनं आमी तिघं बरोबर खाली यायचो, तेवढ्यात ती सोळा घरच्या बातम्या सांगायची. तुला सेक्रेटरी असून त्यातली एक म्हाईत नव्हती.

एक गोष्ट तिथं बोलले न्हाय. पट्टी काढली तवा तू म्होरं वाकून बोटं मोजायला सांगत हुतास आणि मी गप बसलेली. तुला वाटलं दिसत न्हाय, तू डाक्टरला हाका मारायला लागलास. दिसत हुतं की. पण इतकी वर्सं मी तुला आवाजावरनं बघत आलते आणि आवाज तुझा हाय तसाच हाय. तोंड बघितलं तर केस पांढरे, गालाला खळगं, डोळ्याला पाणी. माझा ज्ञानू एवढा म्हातारा कधी झाला, मला कुणीच सांगितलं न्हाय. बोटं तीन हुती.

शालूला जवळ घेतलंय म्हणावं. सुट्टीत दोघं या, तुमास्नी नीट बघायचं ऱ्हायलंय.

तुझी,
आक्का