मी फक्त पेटवून देते

ता. ८ जानेवारी १९६२, सोमवार
म्हसळ्याला जाऊन आलो. डॉक्टरने ह्यांच्या छातीला नळी लावली, पाठ ठोकली आणि माझ्याकडे बघून बोलला, विडी सुटली नाही तर फुप्फुसं जातील, काळीजही धड राहणार नाही. दोन पावसाळ्यांनी हा माणूस नांगरामागे उभा राहायचा नाही. पानाची विडी म्हणून ती सिगारेटपेक्षा साधी, असं काही नाही.
मग मला बोलला, मावशी, तुम्हीही खोकताय, या इकडे. मी म्हटलं, माझा खोकला चुलीचा, टाइम फुकट घालवू नका.
ठरलं. ह्यांची विडी मी सोडवणार. माझ्या हातात काम दिलं की ते होतं.

ता. ९
डॉक्टरचे उपाय सोपे आहेत. तल्लफ आली की पाणी प्यायचं. बडीशेप चघळायची. ओढणाऱ्यांच्यात बसायचं नाही. घरात विडी ठेवायची नाही. ह्यांचं बंडल काढून घेतलं, कणगीत भाताच्या खाली खुपसलं. फेकलं नाही. पाहुणे येतात.
संध्याकाळी ओट्यावरून हाक आली, "पेटवून आण गो." लग्न झाल्यापासनं हेच चाललंय. हे ओट्यावर बसणार, मी चुलीतल्या निखाऱ्याला विडी लावणार, दोन झुरके मारून ती नीट धरली की नेऊन देणार. काडी वाचते. ह्याला विडी ओढणं म्हणत नाहीत. मी फक्त पेटवून देते. मशेरी लावते ती दातांसाठी, तिची गोष्ट वेगळी.
आज दिली नाही. हे पाणी पिऊन झोपले.

ता. १२
हे चिडतील वाटलं होतं. चिडत नाहीत. बडीशेप खातात, गप असतात. चीड मला येते. डोकं दुखतं, सकाळी पोट साफ नाही. शेजारची गोदूबाई विचारते, "राही, तुला झालंय काय गो? कोंबड्यांवर पन खेकसतंस." बोलले, नवऱ्याची काळजी. काळजीने पोट बिघडतं.

ता. १५, सकाळी
कणगी उघडून बघितली. विड्या दमट झाल्या तर पाहुण्यांसमोर लाज. म्हणून एक पेटवून बघितली. चांगली आहे. पेटवलेली टाकून कशी द्यायची, संपवली. डोकं उतरलं. चहाने असेल.

ता. २१
पालीला गेलो. बल्लाळेश्वराला बोलले, ह्यांची विडी जन्माची सुटू दे, मोदक वाहीन. यष्टीतून उतरल्यापासून देवळापर्यंत हे पुढे आणि मी मागे. मध्ये थांबून विचारतात, दम लागला काय? म्हटलं, तुमच्यासाठी हळू चालतेय.

ता. ६ फेब्रुवारी
राब भाजला, भाताच्या रोपांच्या जागेवर पालापाचोळा पेटवून. शेतभर धूर. हे दिवसभर आगीशी उभे, एकदा खोकले नाहीत. मी खोकून खोकून बांधावर बसले. राबाचा धूर फार वाईट.
येसाजी भावोजींनी ह्यांच्यापुढे विडी धरली. "दादा, एक वढ." हे बोलले, "न्हाय रं, सुटली आता." माझी छाती फुगली. देवाने ऐकलं आणि मी करून दाखवलं. भावोजी मग माझ्याकडे बघून हसले. हसायचं काय ते कळलं नाही. त्यांचीच विडी मी निखाऱ्यावर पेटवून देत होते, त्यांचे हात शेणाचे म्हणून. परत द्यायची राहिली.

ता. १८
बंडल संपलं. उंदीर असतील. धर्माजीच्या दुकानातून दुसरं आणलं. धर्माजी ह्यांचं नाव घेऊन बोलला, अंबाजीची विडी सुटली असं ऐकलं. म्हटलं, सुटलीच. पण विडी घरात असून ओढत नाही तेव्हाच सुटली म्हणायचं. ह्यांची परीक्षा घेतेय.
पाण्याची कळशी आज दोनदा खाली ठेवावी लागली. कळशी जड झालीय.

ता. ५ मार्च
डॉक्टरकडे. ह्यांच्या छातीत शिट्टी वाजायची, ती गेली. मी म्हटलं, माझ्यामुळे. डॉक्टरने काही न विचारता नळी माझ्या पाठीला लावली. बराच वेळ लावली. मग विचारलं, रोज किती ओढता?
मी बोलले, मी ओढत नाही, ह्यांना पेटवून देते.
"ते तर सोडून बसलेत. आता कोणाला पेटवून देता?"
मी कौलांकडे बघितलं. हे हळूच बोलले, "चुलीकडून रोज वास येतो, डॉक्टर. आधी वाटलं, तल्लफेनं मलाच भास होतोय."
छातीचा फोटो काढायला अलिबागला जायला सांगितलंय. ह्यांना जानेवारीत जे ऐकवलं तेच मला ऐकवलं, नांगराच्या जागी लावणी घालून. यष्टीत एकच आठवत होतं, देवाला मी ह्यांचंच नाव सांगितलं होतं.

ता. ६, दुपार
चूल हे पेटवतात. मला ओट्यावर बसवलंय, त्यांच्या जागेवर. बोलले, "चुलीशी येव नको, राही." नावाने हाक कधी मारत नाहीत. भात करपल्याचा वास येतोय.
ठरवलं, फोटोच्या आधी एकच ओढायची, मग बंद. हे विहिरीवर गेले तसा कणगीत हात घातला, कोपरापर्यंत. बंडल नाही. त्या जागी बडीशेपेची पुडी, ह्यांच्या हाताची गाठ मारलेली. अर्धीच होती. बाकीची हे इतके दिवस खात होते.
ओट्यावर येऊन चघळत बसलेय. तल्लफ जात नाही. ह्यांना कसं जमलं ते मी एकदाही विचारलं नव्हतं. विहिरीवरून आले की विचारावं लागेल.