फळीमागची नाल

गिरगाव, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १८१७

मचव्यात सुकाणूपाशी सागवानी फळ्या मारून घेतल्या, त्यांत नवं होकायंत्र नि बारोमीटर बसवला. उद्या रेवसची पहिली फेरी, आणि सुई उत्तरेला टिकेना! धर्मा तांडेल म्हणाला, "शेठ, या सुईवर मी मानसं न्यायचो नाय."

फळ्यांवर टिचक्या मारत गेलो. एकीमागे लोखंड किणकिणलं. उचकटली, तर घोड्याची नाल.

घरी आणली तर बायको म्हणते, "दृष्ट लागू नये म्हणून मीच सुताराला लावायला सांगितली. ती नसेल तर तुम्हीही जायचं नाही." आता सुई सांभाळू की हिला?

शेवटी नाल डोलकाठीच्या टोकाला ठोकून आलो. सुई स्थिर झाली. धर्माने तिच्याकडे पाहिलंही नाही. वर नालेला हात जोडून म्हणाला, "आता सुई नसली तरी चालंल, शेठ."