टॉवरवरची गाठी

६ मार्च ८३, रविवार
दादा काल बोटीवर गेला. जाताना त्याचा जुना वायरलेस सेट माझ्या टेबलावर ठेवून गेला. "हौशी वायरलेसचं लायसन्स काढलंस, आता त्याचं लोणचं घालतेस का? उंच एरियल चढव आणि बोल." बोटीवरचा रेडिओ ऑफिसर, त्याला दुसरं सुचतं कुठं! मग स्टेशनवर हळूच म्हणाला, कान दगा देतायत. ही शेवटची फेरी. दर रविवारी दिवेलागणीला समुद्रातून मला हाक मारणार. मेच्या पहिल्या आठवड्यात बोट धक्क्याला लागेल, मग संपलं.
लहानपणी आम्ही भिंतीआडून टकटक करायचो. तीन टकटकी म्हणजे "जागी आहेस?" उत्तरही तीनच. मोर्स त्यानेच शिकवलं. त्याने माझी टकटक एकदा तरी समुद्रात ऐकायला हवी, कान आहेत तोवर.
टॉवर हवाच.

१३ मार्च, रवि.
जेवताना विषय काढला. हे म्हणाले, "किती उंच?" म्हटलं, नारळाच्या झाडाएवढा. यांना ठसका लागला. सासूबाई: "घरावर मनोरा? इंदिरानगरात मुळात घरं चार, त्यात आपलं सर्कशीचं!"
संध्याकाळी खिडकीला तार बांधून ऐकलं. नुसती खरखर. दादा त्यातच कुठेतरी हाक मारत असणार. रडू आलं, रागही आला. सा.बा. दारात उभ्या होत्या. नंतर यांना म्हणाल्या म्हणे, "करून दे बाबा तिला मनोरा. माझा भाऊ समुद्रात असता तर मीच गच्चीवर जाऊन ओरडले असते."
म्हातारी गोड आहे. सांगायची सोय नाही, लगेच फुशारते.

२७ मार्च, रवि.
आमच्या शाळेचे कार्यशाळेचे पगारे सर टॉवर जोडतायत. त्यांच्या अंगणात ठिणग्याच ठिणग्या. बुडाशी बिजागरी ठेवलीय, दोर सोडला की अख्खा टॉवर आडवा. वर अॅल्युमिनियमच्या नळ्यांची एरियल. केबलचा जोड साबणाच्या डबीत बंद केला, पाणी लागू नये म्हणून. डबीची आयडिया माझी!
"बाई, पाडव्याला उभा करू. त्याच दिवशी आमची जयंती. सकाळी तुमचा टॉवर, संध्याकाळी आमची मिरवणूक."

१४ एप्रिल, गुरु. पाडवा
उभा राहिला!!
आधी भांडण. टॉवर अंगणात आडवा, आणि सा.बा. गुढीचं ताट घेऊन हजर. "पाडव्याला उभं करताय ते गुढीच ना? मग बोडकं कसं उभं करता?" तांब्या, खण, कडुलिंब, गाठी सगळं शेंड्याला बांधायचं म्हणे. मी म्हटलं, धातू नको, एरियल बिघडेल. "बरं, साखरेची गाठी तरी? का साखरेलाही वीज लागते?" आता मी आठवीला शिकवते, साखरेच्या पाण्यातून वीज जात नाही. चालेल म्हटलं. त्यांनी गाठी डबीला गुंडाळून पक्की बांधली.
मग सगळी आळी दोराला. पगारे सर ओरडतायत, "ओढा! थांबा! अहो जोशीकाका, तुम्ही सोडा, तुम्ही उलटं ओढताय!" हळूहळू वर... वर... आणि ठक्क, सरळ. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी चक्क उड्या मारल्या. चाळिशीची बाई. मारल्या.
श्रीखंड-पुरी खाऊन सर पळाले. संध्याकाळी मिरवणूक बघायला गेलो, तर हाताला फोड आलेले सर लेझीम खेळतायत! आम्हाला बघून जोरात हसले.
दारातली गुढी वेळेवर उतरवली. टॉवरवरची गाठी कोण उतरवणार? राहू दे, पक्षी खातील.

१७ एप्रिल, रवि.
काय सांगू! जपानी, रशियन, लंकेचा एक गप्पिष्ट, सगळे घरात आल्यासारखे. आणि दिवेलागणीला दादा! शेवटचं अक्षर ओढायची त्याची सवय, हजारांत ओळखीन. उत्तर देताना इतकी घाई केली की माझंच नाव चुकलं. तो हाक मारतच राहिला. त्याला ऐकू गेलं नाही.
पुढच्या रविवारी शांतपणे.

२४ एप्रिल, रवि.
सेट ठार बहिरा. शुक्रवारी अवकाळी सर आली, तेव्हापासून. डबीत पाणी जाणं शक्य नाही, तेव्हा बिघाड सेटमध्येच. दोन दिवस सेट उघडून बसले. हे म्हणाले, "दोर सोडून वरचं बघूया का?" मी खेकसले, "डबी माझी आहे!"
आता एकच रविवार उरला.

२८ एप्रिल, गुरु.
सकाळी ओटीवरून सा.बा.: "अगं, या मुंग्या टॉवरवर ओळीनं कुठं निघाल्यात? वर कुणाचं बारसं आहे?"
गाठी! सरांना बोलावलं, दोर सोडला, टॉवर आडवा केला. गाठी पावसात विरघळून डबीच्या फटीतून आत, आणि तिच्यामागून मुंग्या! माती, अंडी, अख्खा संसार. तांब्याचा जोड हिरवा पडलेला. सर हसून हसून खाली बसले. सा.बा. गंभीरपणे, "वीज नाही गेली हो साखरेतून. मुंग्या गेल्या." मग आम्ही दोघी एकमेकींना धरून हसलो.
यांची माफी मागितली. फार खूश झाले, दोनदा मागायला लावली.
नवा जोड. डबी घट्ट. सा.बा.नी टॉवरच्या पायाशी हळद टाकली.

१ मे, रवि.
बोट उद्या-परवा लागणार. दिवेलागणी. सा.बा. देवापाशी दिवा लावून शेजारी खुर्ची ओढून बसल्या. त्यांचा डावा कान केव्हाच गेलाय, उजवा स्पीकरला लावला.
दादा आला. स्वच्छ! मी नाव पाठवलं. तो: "कोण? परत." पाठवलं. "परत." पुन्हा. "परत." त्याचे कान, की माझा हात?
सा.बा. म्हणाल्या, "नाव कशाला? लहानपणी करायचात ते कर."
तीन टकटकी दिल्या.
खूप वेळ काहीच नाही. मग एक. मग दुसरी. आणि मोठी खरखर आली, सगळं बुडालं.
मी म्हटलं, "दोनच आल्या."
"तीन," सा.बा. म्हणाल्या. "तिसरी मी ऐकली."
तीन, असं लिहून ठेवते.