लिफ्टवाल्याचा उल्लेख नाही

सोमवार, ४ मार्च
खेळाडूचं आत्मचरित्र संपवलं. फोटो सगळे पाहिले, शेवटचं प्रकरण वाचलं, मधलं चाळलं. माझी हीच पद्धत. मत : गुडघ्यांवर फार लिहिलंय. डावा गुडघा, उजवा गुडघा, पुन्हा डावा. गुडघे माझेही दुखतात, मी पुस्तक काढलं का? फक्त हिला सांगतो. ही म्हणाली, अहो, तुमचं ऐकण्यापेक्षा त्याचं वाचलेलं बरं, कंटाळा आला की मिटून ठेवता तरी येतं.

गुरुवार, ७ मार्च
नटाचं आत्मचरित्र. हा रडतो फार. आई गेली तेव्हा रडला, ते ठीक. कुत्रा गेला, रडला. सिनेमा पडला, रडला. दुसरा चालला, तेव्हाही रडला. शेवटी सगळ्यांना माफ करून टाकलं, ज्याने भूमिका पळवली त्यालासुद्धा. असली माणसं मला पटत नाहीत. मी अजून कुणालाच माफ केलेलं नाही. यादी तोंडपाठ आहे. झोपण्याआधी उजळणी करतो, चुकून कुणी सुटायला नको.
ब्लडप्रेशर वाढल्यासारखं वाटतंय. नटामुळेच.

शनिवार, ९ मार्च
लायब्ररीत गायिकेचं पुस्तक आलं. मुखपृष्ठावरच ओळखली! मी नोकरीला होतो त्या इमारतीत सहाव्या मजल्यावर रेकॉर्डिंग स्टुडिओ होता. तिथे रोज यायची, दोन वेण्या, हातात पेटी. आणि लिफ्टवर कोण? मी. म्हणजे ही बाई आज जिथे आहे, तिथवर पोचण्यात माझा हात आहे. इतकी वर्षं लिफ्ट चालवली, नियम म्हणजे नियम. सामानासकट आत प्रवेश नाही, ही पाटी मीच रंगवून घेतली होती. मॅनेजरचा मेव्हणा खोकं घेऊन शिरला, त्यालाही बाहेर काढलं.
लायब्ररीवाल्या मॅडमना सांगितलं, यात मी असणार. त्या म्हणाल्या, अय्या, खरंच काका?

रविवार, १० मार्च
मी नाही.
शेवटी आभारांची दोन पानं आहेत. पुन्हा वाचली, चष्मा पुसून वाचली. पहारेकऱ्याचे आभार. चहावाल्याचे आभार. इमारतीत एक मांजर होतं, त्याचेही आभार! मांजराने काय केलं? ते लिफ्टमध्ये घुसायला बघायचं आणि मी हाकलायचो. लिफ्टवाल्याबद्दल एक अक्षर नाही.
ही ते पुस्तक पहिल्या पानापासून वाचत बसली आहे. मध्येच हसते, मध्येच डोळे पुसते. म्हणाली, ‘जिना’ नावाचं प्रकरण आहे, ते वाचा हो. मी म्हटलं, जिन्याशी माझा काय संबंध? मी लिफ्टचा माणूस.
गायिकेला यादीत पहिला नंबर दिला. मॅनेजरचा मेव्हणा दुसऱ्यावर गेला.

मंगळवार, १२ मार्च
सूड सुरू. पुस्तक परत केलं आणि मॅडम फोनवर बोलत असताना हळूच पाककृतींच्या कपाटात मागे खुपसलं. आता वाचा म्हणावं! घरी येईपर्यंत तीनदा मागे वळून पाहिलं. कुणी पाहिलं असेल का? एकाने पाहिलं असावं. उद्यापासून वेगळ्या रस्त्याने जाईन.

बुधवार, १३ मार्च
मॅडमनी पुस्तक शोधून दारातल्या टेबलावर उभं करून ठेवलंय. शेजारी पाटी : ‘लेखिका येत्या शनिवारी आपल्या भेटीला. प्रश्न विचारता येतील.’ म्हणजे स्वतःच्या पायांनी चालत माझ्यासमोर येणार. देव आहे.
प्रश्न तयार केला. ‘बाई, मांजर आठवलं, पण तुम्हाला रोज सहाव्या मजल्यावर कोणी नेलं, ते कसं विसरलात?’ ती खजील होईल. हॉल गप्प होईल. मग मी फक्त म्हणेन, ‘असो.’ सगळी मदार त्या ‘असो’वर आहे. आंघोळ करताना तालीम केली. हिने दार वाजवून विचारलं, आत कोणाशी भांडताय?
शेजारचे रिटायर्ड पोस्टमास्तर म्हणाले, एवढी मोठी बाई तुमचं नाव कशाला घेईल? लिफ्टच्या कंपनीचं घेतलं तरी पुष्कळ! पोस्टमास्तरही यादीत.

शुक्रवार, १५ मार्च
शर्टाला इस्त्री केली. कॉलर जळली. दुसऱ्याला केली.
ही पण येणार म्हणते. बरंच झालं. हिला वाटतं, मी जन्मभर नुसती बटणं दाबली. उद्या चार लोकांत कळू दे, आपला नवरा कोण होता. मला दुसरं काही नको.
ही म्हणाली, तोंड उघडण्याआधी लायब्ररीत जाऊन तेवढं प्रकरण वाचा, मग सांगितलं नाही म्हणू नका. मी म्हटलं, लढाईच्या आदल्या दिवशी कोणी जिने वाचत बसत नाही.

शनिवार, १६ मार्च
काही लिहावंसं वाटत नाही.

रविवार, १७ मार्च
लिहितो, नाहीतर डोक्यातून जायचं नाही.
पुढच्या रांगेत बसलो होतो. उठलो, माईक घेतला. मांजरापर्यंत नीट झालं. मग म्हटलं, मी त्या इमारतीतला लिफ्टवाला. गायिका ताडकन उभी राहिली. म्हणाली, अगंबाई, तुम्हीच ते! ‘सामान आहे, जिन्याने जा’ म्हणणारे! हॉल खो खो हसला. सगळ्यांनी ते प्रकरण वाचलेलं, मी सोडून. ती म्हणाली, यांनी मला एकदाही आत घेतलं नाही. पेटी घेऊन सहा मजले चढायचे. गाण्याचा दम तिथेच कमावला. माझा राग नाही हो काका तुमच्यावर. टाळ्या.
म्हणजे मला माफ केलं! माफ करणाऱ्याचा सूड कसा घ्यायचा, हे एकाही आत्मचरित्रात दिलेलं नाही. ‘असो’ म्हणायला गेलो, तर माईक काढून घेतला होता.
मग ती म्हणाली, त्या जिन्यात एक ताई भेटायच्या, नवऱ्याचा डबा घेऊन वर चाललेल्या. मला पायरीवर बसवून त्यातलं खायला घालायच्या. नाव विचारायचं राहून गेलं. अजून शोधतेय.
शेजारून आवाज आला, शोधू नकोस गं, इथेच आहे मी.
ही!
आमची जेवायची खोली सहाव्या मजल्यावर होती, खरं आहे. आणि डबा म्हणजे सामानच. स्वतःच्या बायकोला सूट दिली असती तर लोक काय म्हणाले असते? डबा नेहमी अर्धा यायचा. मी कँटीनच्या पोऱ्यावर संशय घेतला होता. तो अजून यादीत आहे.
दोघी स्टेजवर गळ्यात गळा घालून रडल्या. पोस्टमास्तर सगळ्यांत जास्त वेळ टाळ्या वाजवत होते.

सोमवार, १८ मार्च
लायब्ररीवाल्या मॅडम घरी आल्या. कपाटाचं प्रकरण उघडकीला आलं असं वाटून मी आतल्या खोलीत गेलो. पण त्या हिच्याकडे आल्या होत्या. काकू, तुम्ही तुमच्या आठवणी लिहाच, आम्ही छापतो. ही म्हणाली, बघते. दुपारी माझा चष्मा लावून टेबलाशी बसलीसुद्धा.
मी सहज विचारलं, यात माझा उल्लेख येईल का? म्हणाली, येणार तर! सुरुवातच तुमच्यापासून केलीय.
काय लिहिलंस, हे विचारायचं धाडस झालं नाही. लग्नापासूनचं सगळं तिच्या बाजूने आठवून पाहिलं. लगेच थांबलो.
संध्याकाळचा चहा मी केला. साखर किती, ते विचारून घातली. तिने एक घोट घेतला, माझ्याकडे बघितलं, कप खाली ठेवला आणि काहीतरी लिहून घेतलं.